किरकोळ दुरुस्ती

१

पानात चूक सापडली नाही, आणि तिथूनच माझी झोप उडाली.

एरवी चुका सापडणं हा माझा रोजचा धंदा आहे. आमची कंपनी मोबाईलची प्रणाली बनवते, म्हणजे जिच्या जिवावर फोनमधली बाकी सगळी ॲप चालतात ती. ॲप बनवणाऱ्यांनी काय करावं आणि काय करू नये हे सांगणारी ढीगभर पानं आमचा विभाग लिहितो आणि मी ती तपासते. ऑफिसात मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे चाळणी. मला दोन्ही चालतं.

त्या सकाळी साहेबांनी मीटिंगच्या खोलीत बोलावलं, तेव्हा तिथे एक तिशीतली मुलगी बसली होती. केस कसेबसे बांधलेले, अंगावरचे कपडे कालचे असावेत. आमच्यातले आणखी दोघं आधीच येऊन बसले होते. एक बॅटरीबुवा, म्हणजे फोनची बॅटरी जपणारा भाग बनवणारा इंजिनिअर. दुसरी माझ्या शेजारच्या टेबलावरची लेखिका, जिला सगळे बिनचूक म्हणतात. तिच्या पानांवर गेली कित्येक वर्षं एकही तक्रार आलेली नाही. साहेब निवृत्त झाले की त्यांच्या खुर्चीत तीच बसणार, हे शिपायालासुद्धा माहीत आहे.

"माझं औषधांचं ॲप आहे," मुलगी म्हणाली. "गोळीची वेळ झाली की गजर होतो. बाबांसाठीच बनवलं होतं, मग बाहेरचे लोकही वापरायला लागले. मागच्या आठवड्यात बाबांच्या फोनवर गजर झालाच नाही. लागोपाठ. रक्त पातळ ठेवायची गोळी होती. आता त्यांची उजवी बाजू गेलीय. बोलता येत नाही त्यांना."

बॅटरीबुवा जरा चुळबुळत म्हणाला, "बॅटरी बचत चालू असणार. ती चालू असली की फोन झोपतो. मग ॲपने वेगळी परवानगी मागितली नसेल तर गजर होत नाही."

"बचत चालूच असते. बाबांचा स्वभावच तो. पण तुमच्या पानावर लिहिलं होतं की त्याने काही बिघडत नाही. वेगळी परवानगी लागत नाही, गजर ठरल्या वेळी होतो. मी ते वाचूनच तर केलं."

साहेबांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. गजराचं पान उघडलेलं होतं. मीही वाकून पाहिलं. 'बॅटरी बचत चालू असताना गजर होईलच असे नाही. त्यासाठी वापरणाऱ्याकडून वेगळी परवानगी मागावी.' खाली नमुना कोड, आणि त्यात परवानगी मागणारी ओळ ठळकपणे दिसत होती.

मुलीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. "हे असं नव्हतं," ती म्हणाली, पण आवाजातला जोर गेला होता.

बिनचूकने उठून तिला पाण्याचा ग्लास दिला आणि पाठीवर हात ठेवला. "फोन कुठे असतो गं बाबांचा? उशाशी? चार्जिंगला लावलेला होता का?"

"नाही. नुसता उशाशी."

"बरं, पाणी पी आधी."

मुलीने ग्लास तसाच हातात धरून ठेवला. "मला भांडायचं नाहीये. दादा मला बाबांच्या खोलीत येऊ देत नाही. आधी तोच रोज फोन करून त्यांना गोळीची आठवण करून द्यायचा. मागच्याच आठवड्यात मीच त्याला म्हटलं, तू कशाला करतोस, माझं ॲप आहे ना. आता मी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसते. मला एवढंच सांगा, मी चुकीचं वाचलं का? तसं असेल तर सांगा, मी ऐकून घेईन."

"प्रणालीचं नवं रूप आलं तेव्हापासून या पानात एकही बदल नोंदलेला नाही," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "आम्हाला वाईट वाटतं. पण पान हेच होतं."

मी तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. दार मिटता मिटता ती म्हणाली, "ताई, मी नमुना कोड टाइप करत नाही. कोणीच करत नाही. आहे तसा उचलते. मग माझ्या ॲपमध्ये ती परवानगीची ओळ कशी नाही?"

२

ॲप बनवणारे लोक आमची पानं वाचत नाहीत, हे आमच्या विभागाचं जुनं दुखणं आहे. आम्ही मेहनतीने वाक्यं लिहावीत आणि त्यांनी खाली जाऊन नमुना कोड तेवढा उचलावा. पण उचलतात तो जसाच्या तसा. मधली एक ओळ, तीही ठळक, गाळून बाकीचं उचलायचं हे मी कधी पाहिलेलं नाही. साहेबांना मी हे बोलून दाखवलं.

"तिने नंतर काढली असेल," ते म्हणाले.

"कशाला काढेल?"

"ते मला काय माहीत? तुम्ही नोंद पाहा ना. नोंद स्वच्छ आहे."

नोंद स्वच्छ होती हे खरं. पण आमच्याकडची नोंद म्हणजे काय, ते सांगायला हवं. पानात बदल करताना दोनपैकी एक खूण करावी लागते. 'मोठी' खूण केली तर बदल करणाऱ्याचं नाव लागतं, जुनं पान जपून ठेवलं जातं, भाषांतर करणाऱ्याकडे काम जातं आणि त्या पानावर लक्ष ठेवून असलेल्या प्रत्येकाला मेल जातो की बाबांनो, हे बदललंय. 'किरकोळ' खूण केली तर यातलं काहीच होत नाही. ना नाव, ना जुनी प्रत, ना मेल. स्वल्पविराम इकडचा तिकडे करायला ही सोय आहे. नाहीतर माझ्यासारखी बाई दिवसभरात अख्ख्या जगाला मेल पाठवून वात आणेल.

म्हणजे कोणी स्वल्पविरामाच्या वाटेने एक अख्खं वाक्य आत नेलं, तर कुणाला पत्ता लागणार नाही.

हा विचार मनात आल्यावर मला खुर्चीत बसवेना. मी मान वर करून विभागाकडे पाहिलं. काचेच्या पलीकडे साहेब फोनवर हळू आवाजात बोलत होते. बॅटरीबुवा भिंतीवरच्या रॅकपाशी उभा राहून तपासणीच्या फोनांकडे तुच्छतेने बघत होता. बिनचूक खाली मान घालून टाइप करत होती. रोजचीच माणसं, रोजच्याच जागी. तरी मला प्रत्येकाचा संशय यायला लागला, आणि तो आल्याचा रागही यायला लागला.

तेवढ्यात साहेबांनी काचेवर टकटक केलं. चेहरा खुलला होता.

"सापडला चोर," ते म्हणाले. "दुभाष्या."

३

दुभाष्या आमची पानं दुसऱ्या भाषेत नेतो. घाबरट माणूस आहे. लिफ्टमध्ये साहेब असले तर जिन्याने जातो.

साहेबांनी त्याचं भाषांतर केलेलं गजराचं पान माझ्यासमोर उघडून ठेवलं. त्यात चक्क लिहिलेलं होतं की बचत चालू असली तरी गजर होतो, वेगळी परवानगी लागत नाही. मुलगी म्हणत होती ते शब्दशः.

"तिने हे पान वाचलं असणार," साहेब म्हणाले. "आपलं मूळ पान बरोबर, याने भाषांतरात घोळ घातला. आज संध्याकाळपर्यंत लेखी घेतो त्याच्याकडून आणि विषय संपवतो."

मी मुलीला फोन लावला. मागे स्ट्रेचरच्या चाकांचा खडखडाट येत होता. "ताई, मला ती भाषा येतच नाही," ती म्हणाली. "मी मूळ पानच वाचलं. त्याच्यावर लक्षही ठेवून आहे, बदलाचा मेल कधी आला नाही. काही कळलं का?"

"बघतेय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुभाष्याच्या टेबलाशी गेले तर त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"ताई, देवाशप्पथ, मी मनाचं एक अक्षर घालत नाही. मूळ पानावर होतं तेच नेलं."

"मूळ पानावर तर उलटं लिहिलंय."

"ते आता! मी केलं तेव्हा असंच होतं. पण माझ्याकडे पुरावा काय? मूळ पान कोण जपून ठेवतं? काम आलं की करायचं आणि पुढचं घ्यायचं."

त्याच्या कपाळावर घाम होता. खोटं बोलणाऱ्यालाही घाम येतो, त्यामुळे मी त्यावर विश्वास ठेवला नाही. मी त्याला बाजूला सरकायला सांगितलं आणि त्याचं पान खालपर्यंत पाहत गेले. वाक्यं संपली आणि नमुना कोड आला. त्यात परवानगीची ओळ नव्हती.

"हा कोड तू बदललास?"

"कसा बदलणार? माझ्या बाजूला कोड कुलूपबंद असतो. बोट लावता येत नाही. तुमच्याच नियमाने."

खरंच की. तो नियम मीच भांडून आणला होता, कारण मागे एकाने कोडमधले शब्दही भाषांतरित करून टाकले होते आणि काही चालेना. तेव्हापासून कोडचा चौकोन मूळ पानावरून आपोआप येतो. मोठी खूण झाली की येतो, किरकोळ खुणेला येत नाही. दुभाष्याने वाक्यात कितीही घोळ घातला असता तरी कोडमधली ओळ त्याला काढता आली नसती. हा कोड ज्या दिवशी मूळ पानावरून आला, त्या दिवशी मूळ पानही चुकीचंच होतं.

मुलीने बरोबर वाचलं होतं. आणि नंतर कोणीतरी चूक पुसून हात धुऊन टाकले होते.

"ताई, माझी नोकरी..." दुभाष्या म्हणाला.

"तुझी राहील," मी म्हणाले. "कुणाची जाणार, ते बघायचंय."

४

साहेबांनी ऐकून घेतलं, मग उठून खोलीचं दार लावलं. मला ते दार लावणं आवडलं नाही.

"ताई, समजा मूळ पान चुकलं होतं. कोणीतरी ते सुधारलं. आज पान बरोबर आहे. तुम्हाला आणखी काय पाहिजे?"

"कोणी सुधारलं ते."

"त्याने त्या म्हाताऱ्याला बोलता येणार आहे?"

"त्या मुलीला बापाच्या खोलीत जाता येईल."

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "निरोपाचे दिवस आलेत माझे. जाता जाता विभागाच्या तोंडाला काळं फासून जाऊ?"

त्यांच्यावर संशय घ्यायला हे पुरेसं होतं, आणि मी तो घेतला. पण दाराबाहेर आल्यावर एक गोष्ट खटकली. भाषांतराचं पान उघडून मला दाखवणारे साहेबच होते. मूळ पान ज्याने गुपचूप बदललं, त्याने भाषांतराच्या आसपास कोणाला फिरकू दिलं नसतं. त्याला ते आठवलं असतं तर त्याने तेही पुसून टाकलं असतं. साहेबांना झाकाझाक हवी होती, पण काय झाकतोय हे त्यांना धड माहीत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत बिनचूक माझ्यासमोर डबा घेऊन बसली. "किती त्रास करून घेतेस," ती म्हणाली. "आपण काय पोलीस आहोत? जेव बघू."

"तुला काय वाटतं, कोण असेल?"

"प्रणालीचं नवं रूप आलं तेव्हा सगळ्यांनीच धावपळीत पानं लिहिली. कुणाचं कुठलं, कोण सांगणार? चूक कुणाचीही असू शकते." तिने चमच्याने डब्यातला भात उगाच सारखा केला. "माझीसुद्धा."

"तुझी कसली चूक!" मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो.

जेवण झाल्यावर मी सरळ रॅकपाशी गेले. आमच्या विभागाचा कडक नियम आहे: कुठलंही वाक्य रॅकवरच्या फोनावर करून बघितल्याशिवाय पानावर जात नाही. म्हटलं, चुकीचं वाक्य मुळात लिहिलंच कसं गेलं ते तरी बघू. भाषांतराच्या पानावरचा चुकीचा कोड उचलला, परवानगीची ओळ नसलेला, आणि एका फोनात घातला. बॅटरी बचत चालू केली. पडदा विझवला. वाट पाहिली.

गजर झाला. अगदी ठरल्या वेळी.

दुसरा फोन घेतला. तिथेही झाला. तिसऱ्यावरही झाला. मी रॅकसमोर मूर्खासारखी उभी. चुकीचं वाक्य बरोबर निघालं होतं. मग आज पानावर असलेलं वाक्य खोटं आहे की काय?

५

"बंद करा तो कोलाहल," बॅटरीबुवा मागून ओरडला. "काय चाललंय?"

मी सांगितलं. तो आधी हसला, मग एकदम गंभीर झाला, मग पुन्हा हसला. मला त्या हसण्याचा राग आला.

"ताई, या फोनांकडे नीट बघा. खालून काय लोंबतंय?"

"वायरी."

"चोवीस तास सलाईन लावून ठेवलेले पेशंट आहेत हे. चार्जरवर असलेला फोन झोपतच नाही. बचत चालू केलीत तरी तो म्हणतो, मला कशाला बचत, मला फुकट मिळतंय. मग गजर होणारच. वायर काढा आणि बघा."

मी एका फोनाची वायर उपटली आणि पुन्हा सगळं केलं. या वेळी फोन गप्प राहिला. ठरलेली वेळ गेली, आम्ही दोघं पाहत राहिलो, तो ढिम्म.

"किती वेळा म्हटलं, हा रॅक काढा," बॅटरीबुवा म्हणाला. "सगळ्यांना मी चक्रम वाटतो. आणि ती मुलगीसुद्धा तशीच फसली असणार. ॲप बनवताना आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस फोन वायरीने संगणकाला जोडूनच ठेवतो. तिच्या टेबलावर गजर रोज झाला असेल. तिच्या बाबांच्या उशाशी वायर नव्हती."

सगळा विभाग आणि ती मुलगी एकाच वायरीने फसली होती. चूक कशी झाली ते कळलं, आणि त्या चुकीत कोणाचाच काळा हेतू नव्हता. पण नंतरची लपवालपवी राहिलीच.

"मग पान तू सुधारलंस?" मी त्याला रोखून विचारलं. "हे सगळं तुलाच तर माहीत होतं."

"मी?" तो भडकला. "मला फक्त कोडच्या चौकोनात शिरता येतं. वाक्याला हात लावायचा अधिकारच नाही मला, तुम्हीच काढून घेतलात. आणि मला पान चुकलंय असं कळलं असतं ना, तर मी मोठी खूण करून वर बोंब मारली असती. रॅक काढायला याहून चांगलं निमित्त मिळालं असतं का?"

हे मात्र सोळा आणे खरं होतं. बॅटरीबुवाने ही संधी गुपचूप सोडली असती तर मी स्वतःचं नाव बदललं असतं.

वाक्य आणि कोड, दोन्ही बदलायचा अधिकार तिघांनाच. साहेब, मी आणि बिनचूक. मी केलं नव्हतं. साहेबांना ठाऊक नव्हतं. ज्याने सुधारलं त्याला वायरीची गोम कळलेली असणार, कारण रॅकवर तपासणाऱ्याला आजही चुकीचंच बरोबर दिसलं असतं. बॅटरीबुवा सोडून विभागात ती गोम कोणाला ठाऊक होती? सकाळी मीटिंगच्या खोलीत चार्जरचं नाव कोणी काढलं होतं? ना मुलीने, ना बॅटरीबुवाने, आणि पानावर तर चार्जर हा शब्दच नाही.

चार्जिंगला लावलेला होता का? पाण्याचा ग्लास देता देता, पाठीवर हात ठेवून.

मी रॅकला टेकले.

६

बिनचूकशी तिच्या टेबलापाशी न बोलता मी तिला जिन्यात घेऊन गेले. वरच्या मजल्यावर कोणी येत नाही. ती पायरीवर बसली आणि मी उभी राहिले.

"सकाळी तू तिला चार्जिंगचं का विचारलंस?"

तिने थट्टेवारी नेण्याचा प्रयत्न केला. "अगं, सहज. काहीतरी विचारायचं म्हणून."

"तू सहज काही विचारत नाहीस. तुला उत्तर 'हो' यायला हवं होतं. फोन चार्जरवर असूनही गजर झाला नसता, तर दोष पानाचा नव्हता, तिच्या ॲपचाच दुसरा काहीतरी होता. तुझी सुटका झाली असती."

ती पायरीच्या कडेकडे बघत म्हणाली, "बचतीत गजर होत नाही म्हणून एका वाचकाने विचारलं होतं. मी माझ्याच फोनवर करून बघितलं, घरी, वायर नसताना. झाला नाही गजर. माझा विश्वास बसेना. आपण सगळ्यांनी तपासलेलं पान."

"कधी?"

"महिना झाला असेल."

म्हणजे मुलीच्या बाबांची गोळी चुकायच्या आधी. मला वाटत होतं तेच.

"मी दुरुस्त केलं ना," ती म्हणाली. आता तिच्या आवाजाला धार आली. "चूक सगळ्यांची होती आणि दुरुस्त मी एकटीने केली. दुरुस्त करणं हा गुन्हा झाला?"

"किरकोळ म्हणून केलंस."

"मोठी खूण केली असती तर माझ्या नावाने मेल गेले असते. गजराचं पान मीच लिहिलं होतं, साहेबांना माहीत आहे. इतकी वर्षं एक डाग नाही. आणि नेमकं आत्ता, साहेब जायच्या तोंडावर? मी म्हटलं, कुणाला कळायच्या आत नीट करून टाकू. नव्या लोकांना बरोबर पान मिळेल."

"आणि जुन्या लोकांना?"

तिने मान फिरवली.

"ती मुलगी त्या पानावर लक्ष ठेवून होती," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. "मेल गेला असता तर तिने त्याच दिवशी ॲप नीट केलं असतं. बापासाठी बनवलेलं ॲप, ती एक दिवस थांबली असती? चूक आपली सगळ्यांची, मान्य. पण तो माणूस चुकीने नाही पडला, तुझ्या दुरुस्तीने पडला. आणि तू आज तिच्या पाठीवर हात ठेवलास!"

बिनचूकने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माझी इतक्या वर्षांची मैत्रीण. मुलं लहान असताना आम्ही एकमेकींच्या घरी ठेवत होतो. मला तिच्या शेजारी बसावंसं वाटत होतं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

"दुभाष्याकडून साहेब लेखी घेतायत संध्याकाळी," मी म्हणाले. "तुला माहीत होतं?"

"माहीत होतं," ती हातांआडून म्हणाली. याचा मला सगळ्यात जास्त धक्का बसला.

७

आम्ही खाली आलो. मी तिच्या संगणकावर गजराचं पान उघडलं आणि लिहायला सुरुवात केली. या पानावर अमुक दिवसापर्यंत चुकीची माहिती होती. ती चूक आमची होती. ती आम्ही न कळवता सुधारली. हा कोड उचलून ज्यांनी ॲप बनवलं असेल, त्यांनी ते आजच तपासावं, फोनाची वायर काढून. आमच्या विभागात असं पान आजवर कोणी लिहिलेलं नाही. आम्ही चूक पुसतो, चूक होती असं सांगत नाही.

साहेब काचेमागून धावत आले. "ताई, थांबा. कायदेवाल्यांना तरी विचारू."

"विचारा. तोवर आणखी कोणाची गोळी चुकली तर त्यांनाच उत्तर द्यायला सांगा."

ते उभे राहिले, पण त्यांनी माझा हात धरला नाही. कदाचित त्यांनाही कोणीतरी हे करून टाकावं असंच वाटत असेल.

मी 'मोठी' खूण केली. संगणकाने बदल करणाऱ्याचं नाव मागितलं. मी खुर्ची सरकवून उठले.

"खूण मोठीच राहणार," मी बिनचूकला म्हणाले. "नाव माझं घालायचं की तुझं, ते तू ठरव. मी तपासलेलं पान आहे, माझं घातलंस तरी खोटं होणार नाही."

सगळा विभाग बघत होता. दुभाष्या तर खुर्चीतून अर्धा उठला होता. बिनचूक बसली, तिने डोळे पुसले आणि स्वतःचं पूर्ण नाव टाइप केलं. मग बटण दाबलं.

उत्तरं लगेच यायला लागली. कोणाचं शाळेच्या बसचं ॲप होतं, कोणाचं साखरेच्या इंजेक्शनचं. 'आमच्याकडे तक्रारी येत होत्या, कारण कळत नव्हतं.' बिनचूक एकेक वाचत होती आणि मान खाली घालत होती.

मग माझा फोन वाजला. मुलगी होती.

"ताई, मेल आला." ती धापा टाकत होती. "मी नीटच वाचलं होतं."

"नीटच वाचलं होतंस, बाळा."

"दादाला वाटतंय मी तुमच्याकडून लिहून आणलंय. तुम्ही बोलाल त्याच्याशी? मी स्पीकरवर टाकते."

मी तोंड उघडायच्या आत बिनचूकने हात पुढे केला. मी फोन दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला.

"मी ते पान लिहिणारी बोलतेय," ती म्हणाली. "पानावर चुकीचं लिहिलेलं होतं. तुमच्या बहिणीने जे लिहिलं होतं तेच केलं. मला चूक महिनाभर आधी कळली होती. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुमच्या वडिलांचा गजर झाला असता."

पलीकडून भाऊ बोलला, आणि तो जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. बिनचूकने सगळं ऐकून घेतलं. त्याचं बोलून झालं, तरी तिने फोन कानापासून दूर केला नाही. मीही जवळ सरकले, म्हणून मला पुढचं ऐकू आलं. तो आमच्याशी बोलत नव्हता.

"बाहेर काय बसलीयेस," त्याचा आवाज घोगरा झाला होता. "ये आत. बाबा मघापासून दाराकडेच बघतायत."

फोन तसाच चालू राहिला. बिनचूकने तो हळूच टेबलावर ठेवला आणि पुढचा मेल उघडला.